दहा किलोचा पात्यांचा नांगर: छोट्या होडीसाठी मिळणाऱ्या तयार संचाचं परीक्षण

मुंबईच्या बाजारात छोट्या होडीसाठी जो तयार संच मिळतो, त्यात साधारण चार वस्तू असतात: डॅनफोर्थ धर्तीचा, दोन रुंद पात्यांचा १० किलोचा नांगर, ३ मीटर साखळी, ३० मीटर दोर आणि दोन शॅकल, म्हणजे नांगर, साखळी आणि दोर जोडायच्या पिनवाल्या कड्या. २० ते २४ फुटांची फायबरची होडी, मागे आउटबोर्ड (बाहेर टांगलेलं इंजिन), आणि गेटवे किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडवा, रेवस, रेवदंडा, फार तर मुरूडपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, असा बेत असणाऱ्यांच्या गळ्यात हा संच पडतो. हे परीक्षण याच वापरासाठी आहे. निकाल आधीच सांगतो: नांगर जरूर घ्या. दोर घेऊ नका. साखळी निम्म्याहून कमी आहे आणि शॅकल बदलावे लागतील. आपल्या पाण्यात नांगर सुटतो तो बहुधा वाऱ्याने नव्हे, भरती-ओहोटीने, आणि हा संच बांधताना तेवढीच एक गोष्ट कुणी विचारात घेतलेली नाही.

आधी नांगर. ही धर्ती रिचर्ड डॅनफोर्थ यांची. दुसऱ्या महायुद्धात सैनिक उतरवणाऱ्या सपाट नौका किनाऱ्यावरून मागे ओढून घ्यायला ती वापरली गेली. ती वजनाने धरत नाही, पाती जमिनीत गाडली गेल्याने धरते. म्हणून रेतीत आणि चिखलात १० किलोचा हा नांगर त्याच वजनाच्या चार दातांच्या लोखंडी नांगरापेक्षा कितीतरी जास्त ओढ सोसतो. मुंबई बंदराचा तळ, धरमतरची खाडी, रेवदंड्याची खाडी, राजपुरीची खाडी हा सगळा मुख्यतः चिखल. तिथे हीच धर्ती योग्य. शिवाय घडी घातली की सपाट होते, फळीखाली सरकवता येते. १६ ते १८ फुटांच्या होडीला ७ किलोचा पुरे, २६ फुटांच्या पुढे १५ किलोचा घ्या. दोन वजनांच्या मध्ये अडकलात तर जड तो घ्या.

दुकानातच पाच मिनिटं काढून नांगर तपासा, कारण एकाच ढिगातले दोन नग सारखे नसतात. नांगर उभा धरून दांड्यावरून एका डोळ्याने पाहा, दांडा सरळ हवा. पाती दोन्ही बाजूंना सहज, स्वतःच्या वजनाने पडली पाहिजेत. हाताने ढकलावी लागली तर तळाशी ती उघडणारच नाहीत. मग कोनमापक लावा. दांडा आणि पूर्ण उघडलेलं पातं यांच्यातला कोन ३० अंशांच्या आसपास असावा आणि दोन्ही बाजूंना सारखा असावा. एका बाजूला ३२ आणि दुसरीकडे २५ भरत असेल तर तो नग परत ठेवा. ज्या बाजूवर तो पडेल त्याप्रमाणे कधी धरेल, कधी घसरेल. डोक्याजवळची वेल्डिंग सगळीकडून भरलेली हवी, नुसते टाके मारलेले नकोत. शेवटी मुलामा. गरम जस्तात बुडवलेला नांगर फिकट राखाडी, थोडा खडबडीत, कडांना जस्ताचे थेंब गोठलेला असा दिसतो. रुपेरी रंग मारलेला गुळगुळीत आणि चकचकीत असतो. खिळ्याने ओरखडा काढला की रंग सोलून खालचं काळं लोखंड दिसतं. असा नांगर खाऱ्या पाण्यात एका हंगामात गंजून पात्यांची बिजागरी जाम होते.

चिखलाबद्दल एक अडचण आहे आणि ती नांगराच्या रचनेतच आहे. ३० अंशांचा कोन रेतीसाठी चांगला. मऊ चिखलात ४५ अंशांच्या जवळचा कोन जास्त धरतो. कोन बदलता येणारे नांगर असतात, पण हा नांगर एकाच कोनात जोडलेला आहे. बंदरातला वरचा थर मऊ, खालचा घट्ट, त्यामुळे नांगर टाकल्याटाकल्या जोरात ओढलात तर तो वरच्या थरातून नुसता सरकत येतो आणि लोक म्हणतात की नांगर वाईट. त्याला बसायला वेळ द्यावा लागतो, त्याची रीत पुढे दिली आहे.

आता दोर. संचातला दोर पॉलीप्रॉपिलीनचा असतो, निळा किंवा हिरवा, हलका, स्वस्त. जाळ्यांसाठी तो उत्तम आहे, पण नांगराच्या कामाला नाही. कारणं तीन. तो पाण्यावर तरंगतो. ओढ कमी झाली, पाणी थबकलं, की त्याचं वेटोळं होडीभोवती पृष्ठभागावर पसरतं आणि इंजिन चालू करताच पंख्यात गुंडाळलं जातं. तो फार ताणत नाही, त्यामुळे प्रत्येक लाटेचा हिसका सरळ नांगराला बसतो. आणि आपल्या उन्हात त्याचे तंतू सुटून पांढरी भुकटी पडू लागते, तेव्हा त्याची ताकद बरीच गेलेली असते. वळकटीच्या आतला भाग नवा दिसतो, पण खुंटीशी घासणारा, उन्हात पडलेला टोकाचा भागच नेमका कुजलेला असतो.

त्याऐवजी तीन पेडांचा नायलॉनचा दोर घ्या, १२ मिलिमीटर जाडीचा, २४ फुटांच्या होडीला १४. ताकद १२ मध्येही पुरेशी आहे, पण १४ हाताला चांगला धरता येतो आणि झिजायला वेळ लागतो. नायलॉन बुडतो आणि ताणतो, त्यामुळे हिसका दोरातच जिरतो. लांबी ६० मीटर, एकच अखंड तुकडा. ३० मीटरचे दोन तुकडे गाठ मारून जोडले तर ती गाठ नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, चाकीवर अडकते आणि दोराची ताकद एक तृतीयांश ते निम्म्याने घटवते. साखळीच्या टोकालाही गाठ नको. तिथे धातूची थिंबल (दोर झिजू न देणारी खोबणीची कडी) बसवून डोळा विणून घ्या. नायलॉन निसटता असल्याने किमान पाच वेळा पेड घालावे लागतात, तीन पुरत नाहीत. स्वतः विणता येत नसेल तर कोणत्याही कोळीवाड्यात हे काम डोळे मिटून करणारी माणसं आहेत. त्यांना दाखवायला विसरू नका की दोर नायलॉनचा आहे.

६० मीटर कशाला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाणी ४ मीटरच्या आसपास चढउतार करतं, मोठ्या उधाणाला त्याहून जास्त. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, दीड मीटरच्या आसपास. आता हिशेब करा. ओहोटीच्या तळाला पाणी २ मीटर, नाळेची उंची पाण्यापासून १ मीटर, म्हणजे ३. पाच पट दोर सोडला, १५ मीटर, होडी मस्त धरली. सहा तासांनी पाणी ४ मीटर चढलं. खोली अधिक नाळ आता ७, आणि बाहेर दोर तेवढाच १५ मीटर, म्हणजे जेमतेम दुप्पट. ओढ आडवी राहत नाही, वर उचलू लागते, आणि पात्यांचा नांगर वर उचलला की सुटतो. तो याच रीतीने बाहेर काढायला बनवलेला आहे. म्हणून हिशेब नेहमी भरतीच्या खोलीवर करायचा: ७ मीटरला पाच पट ३५, वारा असेल किंवा रात्र काढायची असेल तर सात पट ४९. ३० मीटरच्या संचात हे बसतच नाही. दोरावर दर ५ मीटरला रंगीत सुताची खूण विणा. अंधारात हाताला लागेल अशी, नुसता रंग नको.

वेळेसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक सोबत हवंच. कोष्टक नसेल तेव्हा तिथीच्या पाऊणपटीची जुनी रीत अजूनही कामाला येते: चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चाला आणि उंचीसाठी तिच्यावर विसंबू नका.

साखळी ३ मीटर म्हणजे दिखाऊ. किमान होडीच्या लांबीएवढी हवी: ८ मिलिमीटर जाडीची, ७ ते ८ मीटर. तिचं वजन मीटरला १.४ किलोच्या आसपास, म्हणजे ८ मीटरला ११ किलो. नांगराएवढंच वजन तळाशी आडवं पडतं आणि ओढ जमिनीलगत ठेवतं. खडक आणि कालवांची धार ती सोसते, दोर सोसत नाही. शॅकल साखळीपेक्षा एक माप मोठा, ८ च्या साखळीला १० चा. पिन घट्ट करून तिच्या डोळ्यातून गंज न धरणारी तार दोनदा फिरवून पिळून टाका. तांब्याची तार नको, खाऱ्या पाण्यात ती शेजारचं जस्त खाऊन टाकते. प्लास्टिकची पट्टीही नको, उन्हाने ती कडकडीत होऊन तुटते. पिन आपोआप फिरून सुटते आणि नांगर तळाशी राहतो, हे छोट्या होड्यांच्या बाबतीत फार वेळा घडणारं नुकसान आहे आणि त्यावरचा उपाय वीतभर तारेचा.

दोराचं शेवटचं टोक होडीला बांधलेलं असावं, पण सरळ कडीला नव्हे. हातभर बारीक दोरी मध्ये घाला, म्हणजे घाईच्या वेळी ती सुरीने कापून, फुगा बांधून, नांगर सोडून निघता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खाडीत पाणी दर सहा तासांनी उलटं वाहतं. संध्याकाळी ओहोटीच्या ओढीत नीट बसवलेला नांगर मध्यरात्री भरतीने बरोबर विरुद्ध दिशेने ओढला जातो. या धर्तीची खरी कमजोरी इथे आहे. ओढ मागून आली की नांगर उलटा निघतो, आणि पुन्हा बसायचं तर पाती दुसऱ्या बाजूला पडावी लागतात. पात्यांच्या आणि डोक्याच्या मध्ये घट्ट चिखल भरलेला असतो, तो पात्यांना हलू देत नाही. मग नांगर पाठीवर घसरत जातो. दुसरी शक्यता, पाणी थबकलेलं असताना सैल पडलेली साखळी पात्याभोवती किंवा आडव्या दांडीभोवती वेढा घेते, आणि नवी ओढ आली की नांगर शेपटीकडून ओढला जातो. दोन्ही गोष्टी वरून दिसत नाहीत. वारा नसतो, लाट नसते, सगळे झोपलेले असतात. प्रवाहाची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, पाणी दुप्पट वेगाने वाहू लागलं की ओढ चौपट. म्हणून नांगर पाणी उलटताच सुटल्याचं कळत नाही, तासा-दोन तासांनी प्रवाह भरात आला की कळतं.

दुपारचा तासभर मुक्काम असेल तर एक नांगर पुरे. पाणी उलटणार असेल आणि होडीवर झोपायचं असेल तर दोन टाका, एक ओहोटीच्या तोंडाला, एक भरतीच्या. पहिला नांगर प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका. दोर सोडत मागे या, हव्या त्या लांबीच्या दुप्पट. तिथे दुसरा नांगर टाका, मग पहिला दोर ओढत मधोमध या. दोन्ही दोर नाळेलाच बांधायचे. जो दोर त्या वेळी सैल आहे त्यावर ४-५ किलोचं वजन शॅकलने अडकवून खाली सोडा, म्हणजे तो पंख्याखाली येत नाही. होडी जवळपास जागच्या जागी फिरते, त्यामुळे अरुंद खाडीत आणि दाटीच्या बंदरात याचा दुहेरी फायदा. तोटा एवढाच की चार-सहा वेळा पाणी उलटलं की दोरांना पीळ पडतो. तो पाणी थबकलेलं असतानाच सोडवायचा. दुसरा नांगर याच धर्तीचा, ७ किलोचा चालेल.

पंज्यासारखा ब्रूस धर्तीचा नांगर उलट ओढीत जास्त चांगला पुन्हा बसतो, पण मऊ चिखलात वजनाच्या मानाने कमी धरतो. त्यामुळे मुंबईच्या पाण्यासाठी आम्ही दोन पात्यांचेच नांगर सुचवतो.

नांगर टाकण्याची रीत थोडक्यात. शेजारच्या होड्या कुठे तोंड करून आहेत ते पाहा. खाडीत त्या बहुधा वाऱ्याकडे नव्हे, प्रवाहाकडे तोंड करतात. तुम्हीही तसेच या. होडी थांबवा, ती मागे सरकू लागली की नांगर हाताने खाली सोडा. फेकू नका, फेकलेल्या नांगरावर साखळीचा ढीग पडतो आणि पाती अडकतात. खोलीच्या तिप्पट दोर गेला की हलका ताण द्या, मग उरलेला सोडा. मऊ चिखलात दहा-पंधरा मिनिटं काहीही करू नका. नंतर इंजिन मागच्या गिअरमध्ये सर्वात कमी फेऱ्यांवर, अर्धा मिनिट. मग हळूहळू निम्म्या थ्रॉटलपर्यंत. हाताचा तळवा ताणलेल्या दोरावर ठेवा: बसलेल्या नांगराचा दोर स्थिर असतो, घसरणाऱ्याचा थरथरतो, गचके देतो. काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, जवळचा खांब आणि मागचं झाड, आणि त्या सरकतात का पाहा. मोबाइलवरचा नांगराचा गजर लावा, पण त्याचं वर्तुळ नांगर पडला त्या जागेभोवती आणि बाहेर सोडलेल्या दोराच्या लांबीहून थोडं मोठं ठेवा, नाहीतर पाणी उलटताच तो उगाच वाजेल.

दोनदा प्रयत्न करूनही धरत नसेल तर तिसऱ्यांदा ओढू नका, नांगर वर काढून बघा. मुंबईच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशव्या, गोणपाट, जाळ्यांचे तुकडे आहेत. पात्याच्या टोकावर एक पिशवी चढली की ते चिखलात शिरतच नाही. ही या शहराची देणगी आहे आणि तिची लाज वाटते.

नांगर कधीही मागच्या बाजूने टाकू नका. आउटबोर्डच्या वजनाने मागची बाजू आधीच खाली असते, तिथली कड ठेंगणी. प्रवाहात मागून ओढ बसली की पाणी आत येतं, आणि होडी भरायला फार वेळ लागत नाही. नांगर अडकला आहे म्हणून दोर मागच्या खुंटीला बांधून इंजिनाने ओढणं, ही तर सगळ्यात धोक्याची सवय.

कुठे टाकायचा नाही तेही सांगतो. मोठ्या जहाजांचा मार्ग आणि गेटवे–मांडवा बोटींची वाट सोडून द्या. जवाहर द्वीपाच्या तेलाच्या धक्क्याजवळ जाऊच नका. घारापुरीला २०१८ मध्ये समुद्राखालून वीज गेली, ती केबल तळाशी आहे. उरणला समुद्रातून तेल-वायूच्या नळ्या येतात. नकाशावर ही ठिकाणं खुणावलेली असतात. प्रवाहात खुंटांना बांधून ठेवलेल्या डोल जाळ्यांचे खुंट आणि फुगे दिसले की त्यांच्या वरच्या किंवा खालच्या प्रवाहात नांगर टाकू नका. जाळं प्रवाहात पसरलेलं असतं, नांगर सुटला की सरळ त्यात जातो, आणि नुकसान कुणाच्या तरी महिन्याच्या कमाईचं होतं.

खडकावर हा नांगर निरुपयोगी. खांदेरी-उंदेरीभोवती तो एकतर घसरतो, नाहीतर कपारीत असा अडकतो की दांडा वाकल्याशिवाय निघत नाही. तिथे मऊ सळईचा चार दातांचा नांगर वापरा. साखळी त्याच्या डोक्याला बांधा आणि वरच्या कडीला नुसती बारीक सुतळी. अडकला की जोर लावा, सुतळी तुटते आणि नांगर उलटा निघतो. असा नांगर दुपारच्या गळटाकीपुरता, रात्रीसाठी नाही.

जानेवारीनंतर दुपारी समुद्राकडून वायव्येचा खारा वारा चढतो. सकाळच्या मतलई, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या, वाऱ्यात शांत वाटलेली जागा तीन वाजता खदखदू लागते. प्रवाह एकीकडे आणि वारा दुसरीकडे असला की होडी पुढे सरकून स्वतःच्याच दोरावर येते. अशा वेळी इंजिन वर उचलून ठेवा आणि दोरावर ते ४-५ किलोचं वजन सोडा. उत्तरेला उघडी जागा टाळून टेकडीच्या दक्षिणेला राहा. मेच्या शेवटी नैर्ऋत्येची लांब लाट सुरू झाली की मात्र हा संच कितीही सुधारला तरी उघड्या किनाऱ्यावर मुक्काम करू नये.

रात्री नांगर सुटलाच तर आधी इंजिन चालू करा, नंतर दोराला हात घाला. शक्य असेल तर १० मीटर दोर आणखी सोडा, पुष्कळदा तेवढ्याने धरतो. नाही धरला तर उचला आणि नव्याने टाका. इंजिन लागत नसेल आणि खडक जवळ येत असतील तर दुसरा नांगर ताबडतोब टाका आणि व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवा.

नांगर काढताना ताकद लावू नका. होडी बरोबर नांगराच्या वर आणा, दोर ताठ करून खुंटीला एक वेढा द्या आणि लाटांना काम करू द्या. दोन-चार मिनिटांत चिखल सोडतो. चिखल काळा आणि चिकट असतो, बादली आणि दांड्याचा ब्रश हाताशी ठेवा, नाहीतर तो फळ्यांवर वाळून घसरण होते. घरी आल्यावर नांगर, साखळी आणि दोर गोड्या पाण्याने धुवा. हंगामाच्या शेवटी साखळीची टोकं उलटसुलट करा म्हणजे दोन्हीकडे सारखी झिजेल. नाळेवर दोर घासतो तिथे बागेच्या पाइपचा फूटभर तुकडा चिरून चढवा.

खरेदीबद्दल. साखळी रे रोडजवळच्या दारूखाना भागात वजनावर मिळते. जहाजांवरून निघालेली जुनी घेत असाल तर कड्या एकमेकींना जिथे टेकतात ती जागा पाहा, मूळ जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त झिजली असेल तर सोडून द्या. दोर, थिंबल आणि शॅकल नागदेवी स्ट्रीटवर पाहा. दोर नायलॉनचाच आहे का हे पाहायला एक तुकडा बादलीत टाका. बुडाला तर तो निदान पॉलीप्रॉपिलीन नाही. मग दोन टोकं धरून ओढा, ताण जाणवला पाहिजे, न ताणणारा बुडता दोर पॉलिएस्टरचा असू शकतो. दुकानदार संच फोडून नुसता नांगर द्यायला तयार नसेल तर संच घ्या, त्यातला दोर फेंडर (धक्क्याला होडी घासू नये म्हणून टांगायच्या गाद्या) बांधायला वापरा, आणि १० मिलिमीटरचे शॅकल चार घ्या, दोन लावायला आणि दोन डब्यात ठेवायला.